हो किंवा नाही

दादा आणि वहिनी नेदरलँड्समध्ये राहतात. त्यांना मुलगी झाली आणि बारशाला यायचंच, असा हुकूम सुटला. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च देणारा प्रवास विमा लागतो. म्हणून मोबाइलवर फॉर्म भरायला बसले. नाव, पासपोर्ट नंबर, तारखा. मग प्रश्न आला : ‘आपल्याला पूर्वीपासूनचा काही आजार आहे का?’ खाली दोन गोल. हो. नाही.

दीड वर्षापूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. लवकर सापडला. छोटी गाठ, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आता पाच वर्षं रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी. मी नोकरी करते, रविवारी सिंहगड चढते. मग मला आजार ‘आहे’ की ‘होता’?

एजंट म्हणाला, “ताई, ‘नाही’ करून टाका. उपचार झालेत ना? कोण बघतंय!” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि खरं सांगू? मलाही ते खोटं वाटत नव्हतं. कधीपासून कुणाला तरी ‘नाही’ म्हणायचंच होतं.

पण टॅमॉक्सिफेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. लांबच्या विमानप्रवासातही वाढतो. समजा, तिथे पाय सुजला. हॉस्पिटलमध्ये विचारतील, कोणती औषधं घेता? तिथे मी खरंच सांगणार, कारण प्रश्न जिवाचा असेल. तोच कागद कंपनीकडे जाईल, क्लेम नाकारला जाईल आणि बिल दादा भरेल. म्हणजे माझं ‘नाही’ कंपनीला फसवण्याआधी दादाला फसवणार होतं.

इथवरचं सोपं होतं. मी ‘हो’ केलं. स्क्रीनवर आलं : आम्ही आपल्याला पॉलिसी देऊ शकत नाही. दुसऱ्या कंपनीतही तेच. कोणती स्टेज, उपचार कधी संपले, डॉक्टर काय म्हणतात, काहीही विचारलं नाही. मग खरं बोलून मिळालं काय?

विम्यात खरं सांगण्याचं बंधन जुनं आहे. १७६६ साली लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर एक खटला चालला. सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या गव्हर्नरने किल्ला शत्रूच्या हाती जाण्याविरुद्ध विमा काढला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमजोर असल्याचं यांनी लपवलं. मॅन्सफील्ड यांनी सद्भावनेचा नियम स्पष्ट केला, पण तो दोन्ही बाजूंना लावला. विमा देणाऱ्याला जे माहीत असायला हवं होतं, जे तो विचारू शकला असता, त्याचं खापर गव्हर्नरवर फोडता येणार नाही, असं म्हणून निकाल गव्हर्नरच्या बाजूने दिला.

आज माझ्या वाट्याला त्या नियमाचा अर्धाच भाग आलाय. कंपनीला विचारायचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. तिथे माझ्यासारख्याच लोकांनी भरलेले पैसे असतात, माझा धोका त्यांनी न कळता का उचलावा? पण विचारण्याचा हक्क घेतला की ऐकण्याचं कर्तव्यही येतं. माझं ‘हो’ तोलायचं असतं. फक्त शिक्का मारायचा असेल, तर तुम्ही लोकांना ‘नाही’ म्हणायला शिकवताय. फ्रान्समध्ये २०२२ पासून उपचार संपून ५ वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर घरकर्जाच्या विम्यासाठी कर्करोग झाल्याचं सांगावंच लागत नाही. तो नियम प्रवास विम्याचा नाही. पण एखादा प्रश्न कधीतरी विचारणं थांबवायचं असतं, हे एका समाजाने ठरवलं.

तिसऱ्या कंपनीने डॉक्टरांचं पत्र मागवलं. प्रीमियम जास्त लावला, कर्करोग आणि त्याच्या औषधांमुळे होणारं सगळं वगळलं आणि पॉलिसी दिली. व्हिसासाठी ती पुरली. मी दादाला फोन करून सगळं सांगितलं, गुठळीचंसुद्धा. म्हटलं, “तसं काही झालं तर खर्च आपल्यालाच करावा लागेल. चालेल का? नाहीतर मी नाही येत.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “गुठळी झाली तर आधी काय दिसतं? पाय सुजतो, की दम लागतो? लिहून पाठव.”

मी लिहून पाठवलं. त्याने ते फ्रिजवर लावलं, शेजारी ११२ नंबर. एवढ्या सगळ्या फॉर्म्समध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.