महिनाभराचा निश्चय : अफूवर्गीय व्यसनावरील इंजेक्शन आणि इच्छास्वातंत्र्य

हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल आणि अफूच्या कुळातील इतर पदार्थांच्या व्यसनावर महिन्यातून एकदा टोचायची औषधे गेल्या दीड दशकात आधी अमेरिकेत आणि मग युरोपात वापरात आली. मुंबई-पुण्यात १९८०च्या दशकात ‘गर्द’ या नावाने पसरलेली ब्राऊन शुगर हे हेरॉइनचेच अशुद्ध रूप होते. महिन्यातून एकदाच्या या इंजेक्शनांनी वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानापुढेही प्रश्न उभा केला आहे : आपली उद्याची इच्छा आजच निष्प्रभ करून ठेवणारा माणूस अधिक स्वतंत्र होतो, की तेवढे स्वातंत्र्य गमावतो?

ही औषधे दोन तऱ्हेची आहेत आणि दोहोंचा नैतिक अर्थ सारखा नाही. नाल्ट्रेक्सोन हे मेंदूतील ज्या रिसेप्टरवर अफूवर्गीय पदार्थ काम करतात ते अडवून धरते. त्यानंतर नेहमीच्या मात्रेत हेरॉइन घेतले तरी नशा चढत नाही. अमेरिकेत त्याच्या गोळीला १९८४ साली मान्यता मिळाली, पण गोळी रोज घ्यावी लागते आणि ज्या सकाळी तलफ अनावर होते नेमकी त्याच सकाळी ती डबीत राहते. २०१० मध्ये या व्यसनासाठी मान्य झालेले ३८० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी कुल्ल्याच्या स्नायूत देतात. त्याआधी रुग्णाला सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे राहावे लागते, नाहीतर नशा तुटल्यावर होणारा, व्यसनी ज्याला ‘टर्की’ म्हणतात तो त्रास एकदम उसळतो.

दुसरे औषध ब्युप्रेनॉर्फिन. ते त्याच रिसेप्टरला अर्धवट चेतवते, त्यामुळे तलफ आणि टर्की दोन्ही शमतात, पण धुंदी फारशी येत नाही. त्याच्या मासिक इंजेक्शनला अमेरिकेत २०१७च्या अखेरीस मान्यता मिळाली. पोटाच्या कातडीखाली सोडलेले औषध शरीरातील पाण्याशी संपर्क येताच घट्ट होते. बोटांना लागेल अशी ती गाठ काही आठवडे राहते आणि तिच्यातून औषध हळूहळू रक्तात उतरते.

अशा उपायाची गरज का पडावी, याचे मूळ जुन्या प्रश्नात आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही कोणीतरी बळेच ओढून नेल्यासारखा माणूस पाप का करतो. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या सातव्या पुस्तकात हाच पेच मांडला : हित कळत असूनही माणूस त्याच्या विरुद्ध का वागतो? अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ च्या निबंधात याला नेमके रूप दिले आणि त्यासाठी उदाहरणच व्यसनी माणसाचे घेतले. माणसाला इच्छा असतात; शिवाय आपली कोणती इच्छा प्रबळ ठरावी, याविषयीही इच्छा असते. तलफ असलेला, पण ती नसावी असे मनापासून वाटणारा व्यसनी जेव्हा शेवटी नशा करतो, तेव्हा त्याची स्वतःचीच एक इच्छा त्याला परक्या शक्तीसारखी हरवते. फ्रँकफर्ट यांच्या मते इच्छास्वातंत्र्य म्हणजे मनात येईल ते करणे नव्हे. ज्या इच्छेने चालावे असे वाटते तिनेच चालता येणे म्हणजे इच्छास्वातंत्र्य.

या दृष्टीने पाहिले तर इंजेक्शन इच्छा मारत नाही, दोन इच्छांच्या झगड्यात एका बाजूला बळ देते. ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस याने सायरन पऱ्यांचे गाणे ऐकण्याआधी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले आणि नंतर सोडा म्हटले तरी सोडू नका, असे खलाशांना बजावले. नॉर्वेचे विचारवंत यॉन एल्स्टर यांनी १९७९ मध्ये याच कथेवरून विवेकी आत्मबंधनाची मीमांसा केली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या संघटनांची शिकवण अगदी उलट दिशेची आहे : विचार फक्त आजच्या दिवसाचा करायचा, निश्चय रोज नव्याने करायचा. इंजेक्शनमुळे अठ्ठावीस दिवसांचे निश्चय एका दिवशी, मन शांत असताना, करता येतात. रोजच्या निश्चयातून मनाचा सराव घडतो, हे खरे. पण ज्याचा एक चुकलेला दिवस मृत्यूचा ठरू शकतो, त्याच्याकडून दररोज जिंकण्याची अपेक्षा धरणे क्रूर आहे.

यावर पहिला आक्षेप सद्गुणाच्या बाजूने येतो. नशा चढणारच नसेल, तर ती न करण्यात पुण्य कसले? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विचार इथे लागू पडतो : विषय दूर ठेवले तरी त्यांची गोडी मनात उरते. नाल्ट्रेक्सोनबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. ते फळ हिरावते, तलफ सर्वांची जातेच असे नाही. मात्र याच ग्रंथाने चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले आहेत आणि अभ्यासाला अवधी लागतो. तो अवधी औषध मिळवून देते. त्या महिन्यांत नोकरी धरणे, तुटलेली नाती सांधणे आणि जुनी संगत सोडणे हे सारे माणसालाच करावे लागते, आणि त्याचे श्रेयही त्याचेच.

दुसरा आक्षेप ब्युप्रेनॉर्फिनवर आहे : एक व्यसन सोडवून दुसरे लावले. शरीर या औषधाला सरावते आणि अचानक बंद केल्यास त्रास होतो, हे नाकारता येत नाही. पण शरीराने औषधावर अवलंबून असणे आणि जीवन एका पदार्थाभोवती गोळा होणे या भिन्न अवस्था आहेत. व्यसनाची ओळख तलफेपुढची हतबलता आणि हानी दिसत असूनही चालू राहणारे सेवन यांवरून होते. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाणारा आणि उरलेले दिवस कामात व घरात घालवणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा आहे. कॅनडातील तत्त्वज्ञ लुई चार्लंड यांनी २००२ मध्ये असा युक्तिवाद केला की, हेरॉइनच्या सक्तीखाली असलेला माणूस हेरॉइन देणाऱ्या उपचाराला खरी संमती देऊच शकत नाही. या मताला विरोधही झाला : तलफ निर्णयशक्ती झाकोळते, नाहीशी करत नाही. टर्की ओसरल्यावर, पर्याय समजावून आणि विचाराला वेळ देऊन घेतलेली संमती ग्राह्य मानणे अधिक न्याय्य आहे.

बाहेरचा दाब मात्र वेगळा असतो. अमेरिकेत न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार घेणाऱ्यासमोर कधी इंजेक्शन आणि तुरुंग एवढेच पर्याय राहतात. नाल्ट्रेक्सोन इंजेक्शनच्या मान्यतेला आधार ठरलेली चाचणी रशियात २५० रुग्णांवर झाली. तिथे मेथाडोन हे अफूवर्गीय औषध आणि ब्युप्रेनॉर्फिन यांनी व्यसनोपचार करण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे अर्ध्या रुग्णांना निष्क्रिय इंजेक्शन देण्यावर नैतिक टीका झाली. अमेरिकेतील ५७० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत (२०१८) नाल्ट्रेक्सोन गटातील चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना पहिले इंजेक्शनच घेता आले नाही. ज्यांना घेता आले, त्यांच्यात ते ब्युप्रेनॉर्फिनइतकेच परिणामकारक ठरले. म्हणून ‘नशामुक्त’ दिसणारे एकच औषध सर्वांवर लादणे नैतिकदृष्ट्या चूक आहे आणि वैद्यकीयदृष्ट्याही.

शेवटचा मुद्दा माघार घेण्याच्या वाटेचा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘ऑन लिबर्टी’मध्ये (१८५९) मर्यादा घातली की, स्वातंत्र्य कायमचे विकून टाकण्याची मोकळीक स्वातंत्र्यात येत नाही. या कसोटीवर मासिक बंधन टिकते, कारण ते आपोआप सुटते. ब्युप्रेनॉर्फिनची गाठ पहिल्या चौदा दिवसांत शस्त्रक्रियेने काढताही येते; नाल्ट्रेक्सोन एकदा टोचले की परत काढता येत नाही आणि त्या काळात अपघात झाला तर नेहमीची अफूवर्गीय वेदनाशामके काम करत नाहीत. ते उतरल्यावर धोका आणखी वाढतो : शरीराची जुनी सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. हे आधी न सांगता घेतलेली संमती संमती नव्हे.

यावरून निकष ठरतात. निर्णय रुग्णाचा, पुरेशा माहितीनिशी आणि शुद्धीवर असताना घेतलेला असावा. एकाहून अधिक औषधे उपलब्ध असावीत. पुढच्या तारखेला नाही म्हणण्याचा हक्क खरोखर शाबूत असावा. आणि नाही म्हणणाऱ्याचीही काळजी घेतली जावी. या अटी पाळल्या तर इंजेक्शन इच्छास्वातंत्र्याचे साधन ठरते. त्या मोडल्या, तर तेच औषध, त्याच मात्रेत, इतरांच्या हातातले नियंत्रणाचे साधन होते.