स्वानुभवाची साक्ष

एका माणसाच्या अनुभवाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्राचे म्हणणे खरे आहे. तथापि न्यायदर्शनाने आप्तवाक्यासही प्रमाण मानले आहे. मग सांगणाऱ्याच्या स्वानुभवास समाजाने किती मोल द्यावे?

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. अशा आत्महत्यांचे आकडे आम्हां सुशिक्षितांस वर्तमानपत्रांतून ठाऊक असतात. परंतु मागे उरलेल्या स्त्रीच्या वाट्यास काय येते, हे आकडा सांगत नाही. ते वैशालीबाईंनी स्वमुखाने सांगितले.

पण याच जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. ‘इतकी वर्षे फवारतो आहे, मला काही झाले नाही,’ हाही स्वानुभवच. आणि शेजाऱ्याच्या तोंडून ऐकला म्हणजे तो डब्यावरील सूचनेहून अधिक पटतो. तो खोटा नसेल, पण अपुरा खास आहे. कारण जे दगावले, ते आपली हकीकत सांगावयास उरत नाहीत.

म्हणून स्वानुभवास साक्षीदाराचा मान अवश्य द्यावा. न्यायासनावर मात्र बसवू नये. साक्ष ऐकून चौकशीस आरंभ व्हावा, आणि जो बोलावयास उरला नाही त्याचाही शोध घ्यावा. हृदयद्रावक कथा ऐकून डोळे पुसले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानण्याची आम्हांस फार सवय जडली आहे.