जोडणीतला दोष

वर्डप्रेसवर चालणारं एखादं संकेतस्थळ बिघडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : सगळे प्लगिन बंद करा, वर्डप्रेसबरोबर येणारी साधी थीम लावा आणि मग एकेक प्लगिन पुन्हा सुरू करत जा. ज्याला सुरू केल्यावर पान मोडेल तो गुन्हेगार. प्लगिन तीस असले तर एकेक करत बसण्यापेक्षा निम्मे बंद करायचे. बिघाड गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यांत, राहिला तर चालू निम्म्यांत. मग त्या निम्म्यांचे निम्मे. पाच फेऱ्यांत तिसांतला एक हाती लागतो. आपल्या न्यायशास्त्रात या रीतीला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असलं की ते असतं, हा अन्वय. हे नसलं की ते नसतं, हा व्यतिरेक. बहुतेक वेळा ही रीत कामाला येते. पण ती जिथे फसते तिथे एक फार जुना प्रश्न उघडा पडतो आणि मला तो यंत्रापुरता वाटत नाही : दोष राहतो कुठे?

एक नेहमीचा बिघाड घेऊ. पानावरची चित्रं दिसेनाशी झाली आहेत. चौकट आहे, तिच्याखालची ओळ आहे, चित्र मात्र नाही. थीममध्ये चित्रं उशिरा आणण्याची सोय आहे : वाचक सरकवत खाली येईपर्यंत चित्राचा खरा पत्ता बाजूला ठेवायचा आणि त्याच्या जागी एक रिकामं, पारदर्शक चित्र लावायचं. पानाचा वेग वाढवणाऱ्या प्लगिनमध्येही नेमकी हीच सोय आहे. थीमनं खरा पत्ता बाजूला काढला. मागून आलेल्या प्लगिननं समोर जे रिकामं चित्र दिसलं त्याचाच पत्ता खरा धरला आणि इमानानं जपून ठेवला. वाचक खाली येतो तेव्हा प्लगिन त्याला तेच रिकामं चित्र आणून देतं. आता रीत लावून पाहा. प्लगिन बंद केलं, चित्रं आली. प्लगिन चालू ठेवून थीम बदलली, तरी चित्रं आली. दोघांनी आपापलं काम चोख केलं आहे आणि पान मात्र मोडलं आहे. असे दोन प्लगिन दोन वेगळ्या निम्म्यांत पडले तर कुठलाही निम्मा बंद केला तरी बिघाड नाहीसा होतो, आणि शोधणारा चक्रावतो. चूक त्याच्या हाताची नसते. दोष एका जागी राहतो हे त्या रीतीनं मुळातच गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीत आपल्या तर्कशास्त्रानं फार पूर्वी नाकारलं आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात कारणं तीन सांगितली आहेत. कापडाचं समवायी कारण म्हणजे धागे, असमवायी कारण म्हणजे धाग्यांचा संयोग, आणि निमित्त कारण म्हणजे विणकर आणि त्याचा माग. यातलं मधलं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. धागे ढिगानं पडले असले तरी कापड नसतं. ते एकमेकांत गुंतले की कापड होतं, म्हणून गुंतणं हे स्वतःच एक कारण आहे. आणि संयोग म्हणजे केवळ बोलण्याची सोय आहे असंही नैयायिक मानत नाहीत. चोवीस गुणांच्या यादीत तो रंग-रसासारखाच एक खरा गुण आहे. फरक एवढाच, की रंग एका वस्तूत राहतो आणि संयोग दोहोंत मिळून राहतो. बौद्ध पंडितांना हे मान्य होणार नाही. नागार्जुन म्हणेल की वस्तू स्वतःपासून उपजत नाही, दुसऱ्यापासून नाही, दोहोंपासून नाही आणि कारणावाचूनही नाही. तेव्हा तुमच्या त्या दोषाला स्वतःचं अस्तित्वच नाही. दोष एखाद्या वस्तूचा स्वभाव नव्हे, इथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. पण चित्र न दिसलेला वाचक खरा आहे आणि दोघांपैकी एक काढताच चित्र येतं हेही खरं आहे. ज्याच्या असण्या-नसण्यानं एवढा फरक पडतो त्याला काही ठाव असलाच पाहिजे, आणि तो ठाव जोडणीत आहे.

यावर कुणी म्हणेल, काही प्लगिन खरोखरच वाईट असतात. बाकी सगळं बंद करून एकटं चालवलं तरी पान पाडतात. तिथे दोष त्याच्यातच नाही का? वरवर हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण ‘एकटं’ म्हणजे काय ते तपासलं पाहिजे. कुठलंही प्लगिन एकटं चालत नाही. त्याच्या खाली वर्डप्रेस असतं, वर्डप्रेसच्या खाली पीएचपी. पीएचपीच्या ८.० या आवृत्तीतून ईच आणि क्रिएट फंक्शन ही दोन जुनी फंक्शनं काढून टाकली गेली. ती वापरणारा कोड पीएचपी ५.६ वर बिनतक्रार चालत होता. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढली आणि अक्षरही न बदलता तो कोड सदोष ठरला. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसची ५.५ आवृत्ती आली तेव्हाही असंच झालं. जुन्या जेक्वेरीसाठी लिहिलेला कोड चालता ठेवणारा ‘जेक्वेरी मायग्रेट’ नावाचा आधार तोवर वर्डप्रेस आपोआप पुरवत असे. तो थांबला आणि जुन्या थीमचे मेनू उघडेनात, सरकत्या चित्रपट्ट्या जागीच थिजल्या. शेवटी तो आधार परत देणारं एक छोटं प्लगिन वर्डप्रेसकडूनच द्यावं लागलं. अशा वेळी थीमकर्ते म्हणतात, आम्ही तर काहीच बदललं नाही. वैशेषिकांनी या बोलण्याचा विचार करून ठेवला आहे. हालचालीतून होणारा संयोग दोन प्रकारे घडतो असं ते सांगतात : दोन एडके एकमेकांना धडक देतात तेव्हा दोघांच्या हालचालीनं, आणि बहिरी ससाणा येऊन खुंटावर बसतो तेव्हा एकाच्याच हालचालीनं. खुंट हलला नाही म्हणून तो त्या संयोगाच्या बाहेर राहत नाही. चोरून फुकट वाटल्या जाणाऱ्या थीममध्ये कुणी मुद्दाम लपवलेले दुवे सापडतात, ती गोष्ट मात्र वेगळी. तिथे दोष जोडणीच्या आधीच, करणाऱ्याच्या हेतूत असतो. ते मान्य करायला मला काहीच अडचण नाही. हेतूचा दोष आणि जोडणीचा दोष एकाच तागडीत तोलू नयेत, एवढंच म्हणणं आहे.

याहून अवघड आक्षेप नीतीचा आहे. दोष जोडणीत म्हणायचं तर जबाबदार कुणीच नाही असं होतं. थीमवाला प्लगिनकडे बोट दाखवणार, प्लगिनवाला थीमकडे, दोघं मिळून होस्टिंगकडे, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात तर कसलीही हमी नाही हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. मला मात्र याच्या अगदी उलट दिसतं. दोष धाग्यात असता तर विणकर सुटला असता. दोष विणीत आहे, म्हणून विणणाऱ्याकडे पाहिलं पाहिजे. घटाची कारणं मोजताना नैयायिक कुंभाराच्या बापाला वगळतात. तो नसता तर कुंभार नसता हे खरं, पण घट घडवताना त्याचा हात नाही. माती वाहून आणणारं गाढवही ते असंच वगळतात. याला ते अन्यथासिद्ध म्हणतात. प्लगिन लिहिणाऱ्यानं आपलं काम नेटकं केलं असेल तर या विशिष्ट पानावरच्या या विशिष्ट बिघाडापुरता तो कुंभाराच्या बापाच्या जागी आहे. त्यानं सगळ्यांशी जुळवून का पाहिलं नाही, असं विचारणं सोपं आहे. पण वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात पन्नास हजारांहून अधिक प्लगिन आहेत. नुसत्या पन्नास हजारांच्या जोड्या सव्वाशे कोटींच्या घरात जातात. त्या कोण तपासणार? ज्यानं आपल्या संकेतस्थळावर तीस प्लगिन जमवले त्याच्यापुढे जोड्या ४३५ आहेत. तो एका वेळी एकच प्लगिन चढवून पान पाहत गेला तर तेवढ्याही तपासाव्या लागत नाहीत, तीस वेळा पाहिलं की झालं. पाहणं ज्याला शक्य आहे त्याच्याकडे कर्तव्य येतं. ‘सक्रिय करा’ हे बटण मालकाच्या डॅशबोर्डवर असतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मालक यावर म्हणतो, ‘मी पाहतो ना रोज. माझ्याकडे सगळं नीट दिसतं.’ आणि तो खोटं बोलत नसतो, म्हणूनच हे वाक्य मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. एखादी वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही, असं म्हणता येतं का? कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, प्रत्यक्षाची मदतनीस मानतात. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे : ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. भरदिवसा जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. काळोख्या खोलीत दिसला नाही तर काहीच ठरत नाही. लॉग-इन केलेला मालक बहुधा अशा काळोख्या खोलीत असतो. कॅशिंगचे प्लगिन साठवून ठेवलेली पानं सहसा लॉग-इन न केलेल्या वाचकालाच देतात, मालकाला ताजं पान मिळतं. जाहिराती कित्येकदा मालकापुरत्या बंद ठेवलेल्या असतात. त्याचा पडदा मोठा असतो, इंटरनेट वेगवान असतं आणि चित्रं ब्राउझरनं आधीच साठवलेली असतात. दोष वाचकाच्या फोनच्या आणि पानाच्या संयोगात आहे, आणि मालक त्या संयोगात कधी नसतोच. गूगलनं पानाच्या वेगाची आणि स्थैर्याची जी मापं ठरवली आहेत ती प्रत्यक्ष वाचकांच्या भेटींवरून घेतली जातात, आणि किमान ७५ टक्के भेटी मापात बसाव्यात अशी अपेक्षा असते. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीनं हे केलं म्हणून त्याचं महत्त्व कमी होत नाही. वाचकाच्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय दोषाविषयी बोलू नये, हेच त्या मापात धरलेलं आहे.

जाहिरातींच्या बाबतीत हे सगळं एका ठिकाणी येतं. गणपतीत आरतीच्या वेळी हल्ली कितीतरी घरांत कुणाच्या तरी हातात फोन असतो. एका हातात फोन, दुसऱ्यानं झांजेचा किंवा टाळीचा ठेका, आणि पानावरची आरती वाचली जाते आहे. दुसरं कडवं संपून तिसरं सुरू होतं, तेवढ्यात वर एक जाहिरात येऊन बसते आणि वाचायची ओळ चार बोटं खाली सरकते. वाचणाऱ्याचा आवाज थांबतो, बाकीचे क्षणभर अडखळतात, अंगठा ओळ शोधताना जाहिरातीवर पडतो आणि भलतंच पान उघडतं. आरतीत चूक नाही. जाहिरात कुणी गैर वस्तूची केलेली नाही. थीमही ठीक आहे. बिघाड एवढाच, की मजकूर आधी आला, जाहिरात मागाहून आली आणि तिच्यासाठी जागा राखलेली नव्हती. पानाच्या अशा सरकण्याला गूगलनं ०.१ ही मर्यादा घातली आहे. उपाय अगदी साधा आहे : जाहिरातीच्या खणाला आधीच किमान उंची देऊन ठेवायची, म्हणजे ती केव्हाही आली तरी मजकूर जागचा हलत नाही.

इथे पोटापाण्याचा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मजकूर फुकट द्यायचा, सर्व्हरचं भाडं भरायचं, तर जाहिरात लागणारच. जाहिरातीला माझा विरोध नाही. वाचक आपलं लक्ष देतो आणि त्या बदल्यात मजकूर घेतो, हा व्यवहार सरळ आहे. पण व्यवहार म्हटला की दोन्ही बाजूंना काय द्यायचं ते कळलेलं हवं. वाचकानं जाहिरात पाहणं कबूल केलं. अंगठा चुकवून तिच्यावर पाडला जाणं त्यानं कबूल केलेलं नाही. त्या चुकलेल्या अंगठ्याचे पैसे कुणाच्या तरी खात्यात जमा होतात, म्हणून हा दोष टिकून राहतो. चित्रं गायब झाली की मालकाचं नुकसान होतं आणि तो धावतो. ओळ सरकली की त्याच्या पदरात चार पैसे पडतात आणि त्याला काही दिसत नाही. हेतूचा दोष आणि जोडणीचा दोष वेगळे ठेवा, असं मी वर म्हटलं. ते एकमेकांत मिसळतात ते या ठिकाणी. कळण्याआधी तो जोडणीचा असतो. कळूनही तसाच ठेवला की तो हेतूचा होतो.

कुणी म्हणेल, जागा राखली आणि जाहिरात आलीच नाही तर मजकुराच्या मधे पांढरा चौकोन उरतो, पान ओकंबोकं दिसतं. दिसतं खरं. तो चौकोन मिटवू पाहणारा मालक मजकूर पुन्हा सरकवतो, या खेपेला वरच्या दिशेनं. त्यापेक्षा तो चौकोन राहू द्यावा. आणि तो कसा दिसतो हे डॅशबोर्डवरून ठरवू नये. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी, लॉग-इन करू नये, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर, घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर ते पान लावावं, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मोठ्यानं वाचत जावं.