सोमवारचा लाल किल्ला

बस समोर. चहा येईल सावकाश, आधी या कागदाचं बोलू.

तीन दिवसांची दिल्ली आणि ठिकाणं बावीस! शनिवारी सात, रविवारी आग्रा-मथुरा धरून आठ, सोमवारी सात. पुढे मिनिटंसुद्धा घातलीस. लाल किल्ला पाऊण तास, हुमायूनची कबर वीस मिनिटं. किराण्याची यादी करतानासुद्धा माणूस आधी डबे उघडून बघतो, घरात काय संपलंय ते. तू काय बघून हे लिहिलंस?

सोमवारचं पान वाच. मोठ्यानं वाच. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेम्पल, अक्षरधाम. अरे, ही चारही ठिकाणं सोमवारी बंद असतात! दोन रात्री गाडीत काढून, म्हाताऱ्या आईला आणि दोन लेकरांना घेऊन तू लाल किल्ल्याच्या बंद दरवाजासमोर उभा राहणार होतास. 'मग आग्रा आधी करतो, शुक्रवारी,' असं आता म्हणू नकोस. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. मुळात तीन दिवसांत आग्रा हवंच कशाला? जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर प्रवास आहे. एवढा वेळ पोरांना गाडीत कोंबलंस, तर त्यांना ताजमहालापेक्षा ओकारीच लक्षात राहील.

हे पुढचं तर कहर आहे. 'कुतुबमिनार, वर चढून दिल्ली पाहणे.' १९८१ साली मिनाराच्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली, चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांत शाळकरी मुलं होती. तेव्हापासून वर जायला बंदी आहे. तुझ्या मुलीला तू काय सांगून ठेवलंयस? वर चढायचं म्हणून? मग आज घरी गेल्यावर तिची समजूत तूच घाल.

आणि महिना कुठला काढलास, तर मे! शाळेला सुट्टी, एवढाच विचार. मे महिन्यात दिल्लीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. लू वाहते, दगडी फरशीवर पाय ठरत नाही. दिवाळीत नेशील तर तिथली हवा धुरानं कोंदलेली असते, आणि तुझ्या आईला दमा आहे. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास रखडतात. शिवाय २६ जानेवारीच्या तालमींसाठी रस्ते अडवतात ते वेगळंच. फेब्रुवारीत जा. ऊन कोवळं असतं, राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही त्याच सुमारास लोकांसाठी उघडतात. मुलांची शाळा बुडेल? चार दिवस बुडू दे. चौतीस वर्षं मी हजेरीपटावर एका खाड्याचीही गय केली नाही, तो मी हे सांगतोय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या तारखेवर आत्ताच खूण कर. अजून तिकिटं काढली नाहीस, हे एक बरं केलंस.

मान वर कर. चुकलेले वार आणि महिना दुरुस्त करता येतात. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा.

लाल किल्ल्याला पाऊण तास! पानिपत तू माझ्याकडे शिकलास ना? १७६० च्या ऑगस्टात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली. फौजेची उपासमार होत होती, पगार थकले होते, म्हणून किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून त्यांनी नाणी पाडली. पुढे १७८८ मध्ये गुलाम कादिरनं बादशहा शाह आलमचे डोळे काढले. त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. त्यानंतर १८०३ पर्यंत या किल्ल्यावर शिंद्यांचा दरारा होता. १८५७ नंतर बहादूरशहा जफरवर खटला चालला तो इथेच, आणि १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर चालला तोही इथेच. तुझी मुलगी आठवीत आहे. त्या छताखाली उभं राहून हे तिला कोण सांगणार? तू सांगायला हवंस. त्यासाठी तुला आधी वाचावं लागेल, आणि वाचायची तुझी तयारी दिसत नाही. फोटो काढून पुढे पळायचं असेल, तर एवढा खर्च करू नकोस.

आता सांग, हा कागद आईला दाखवलास का?

नाही. वाटलंच मला. काल त्या मला बाजारात भेटल्या. मी विचारलं, दिल्लीत काय बघणार? म्हणाल्या, 'पोरगं नेईल तिथं जायचं.' मी पुन्हा विचारलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, 'बाबासाहेबांनी जिथं शेवटचा श्वास घेतला, ते घर एकदा बघायचं होतं.' २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे, मेट्रोच्या सिव्हिल लाइन्स स्टेशनपासून जवळ. तुझ्या बावीस ठिकाणांत ते नाही. ज्या बाईनं दुसऱ्यांच्या शेतात खुरपून तुझी फी भरली, तिला तू एका शब्दानं विचारलं नाहीस. ज्यांना न्यायचं त्यांना विचारल्याशिवाय यादी करायची नसते, एवढं साधं कळू नये तुला?

घे पेन. मी सांगतो ते उतरवून घे. शनिवारी पोहोचल्यावर आंघोळ, जेवण, झोप. दुपारनंतर फक्त हुमायूनची कबर. निजामुद्दीन स्टेशनापासून ती लांब नाही. जफरला इंग्रजांनी तिथेच पकडलं, हे मुलांना सांग. रविवारी सकाळी उघडल्या उघडल्या लाल किल्ला. आत चालणं खूप आहे, आईचे गुडघे बघून थांबत थांबत जायचं. दुपारी विश्रांती, मग अलीपूर रोड. तिथे घड्याळ बघायचं नाही. सोमवारी कुतुबमिनार, तो रोज उघडा असतो. संध्याकाळी इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. झालं. सहा ठिकाणं. सगळीकडे मेट्रोनं जवळपास पोहोचता येतं आणि स्टेशनांत लिफ्ट आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

उरलेली ठिकाणं कुठे पळून जात नाहीत. आईचे गुडघे मात्र दर वर्षी जास्त दुखणार आहेत.

हा जुना कागद माझ्याकडे राहू दे. उद्या संध्याकाळी नवा घेऊन ये, आणि त्यातली पहिली ओळ आईला विचारून लिहिलेली असू दे. कपाटातून पानिपतावरचं ते पुस्तक काढून ने. फेब्रुवारीच्या आत वाचून परत कर. मी प्रश्न विचारणार आहे.

आता चहा घे. गार झाला असेल.