गायरान कोणाचें?

सामाईक मालमत्तेची नासाडी अटळ आहे, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन या अमेरिकन पंडितानें १९६८ सालीं मांडला. माळ सर्वांचा, परंतु जनावर वाढविल्याचा लाभ एकट्याचा. म्हणून जो तो एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेर माळ उघडा पडतो. आमच्या खानदेशांतील बोडके डोंगर पाहिले म्हणजे हें म्हणणें खोटें वाटत नाहीं. त्याचें उत्तरही मात्र खानदेशांतच सांपडतें. साक्री तालुक्यांतील बारीपाडा या आदिवासी पाड्यानें चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, नियम मोडणारास दंड ठेविला, आणि सुमारें ११०० एकरांचें रान राखलें. पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. धुळें तालुक्यांत लामकानीच्या डोंगरावरही अशाच बंदीनें गवत परतलें.

गांवें स्वतःस नियम घालून घेतात व पाळतात, हें एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें जगभरचे दाखले देऊन सिद्ध केलें. २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. येथवर सारें आनंदाचेंच आहे. परंतु सामाईक मालमत्ता टिकण्याची त्यांनीं सांगितलेली पहिलीच अट अशी, कीं तीवर हक्क कोणाचा व कोणाचा नाहीं, हें स्पष्ट ठरलेलें असावें. माझें घोडें अडतें तें येथें.

आमच्या गांवीं गायरान बंद करण्याचा ठराव आला, तेव्हां मीं मोठ्या उत्साहानें हात वर केला. (शहरांत राहून गांवच्या सभेस जाणाऱ्या माणसाचा उत्साह अंमळ जास्तच असतो.) कुसळी, पवन्या हीं गवतें गुडघाभर वाढलीं. सुगी सरल्यावर नेहमींचें ठेलारी कुटुंब मेंढरें घेऊन आलें. वडिलांच्या काळापासून त्यांचा वाडा आमच्या शेतांत बसे. आम्हांस लेंडीखत मिळे, त्यांस धान्य. दिवसां मेंढरें गायरानांत चरत. मीं त्या म्हाताऱ्यास ठराव समजावून सांगितला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "भाऊ, सभा कधी झाली?"

"श्रावणांत."

"तेव्हां आम्ही कुठं होतो?"

श्रावणांत ते दूर डोंगरांत असतात, हें मला ठाऊक होतें. सभा नियमाप्रमाणेंच झाली होती. सारें गांव हजर होतें. परंतु 'सारें गांव' या शब्दांत जो वर्षांतून एकदां येतो तो मोजावा कीं नाहीं, हा प्रश्न आम्हां कोणाच्याच मनांत आला नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मानला आहे. पण तो वनजमिनीवर. गायरान महसुली, तेथें आमचा ठराव हाच कायदा.

गवताचाही पक्ष आहे. पावसाळ्यांत कोंवळ्या अंकुरांवर मेंढरें घालणें म्हणजे रानाचा घातच. परंतु बीं गळून पडल्यावर वाळलेल्या गवतांत तीं चरलीं तर कोणाचें काय जातें? खुरांनीं बीं मातींत दबतें आणि उन्हाळ्यांतील वणव्याचें भयही कमी होतें. म्हणून पौषापुढें दोन महिने गायरान ठेलाऱ्यांस खुलें ठेवावें, अशी सूचना मीं मांडली. एक शेजारी म्हणाले, "आज मेंढरें, उद्यां तालुक्यांतल्या म्हशी!" त्यांस मूर्ख म्हणण्याचा धीर मला झाला नाहीं, बोडका डोंगर मींही पाहिला आहे.

सूचना पुढील सभेवर ढकलली गेली. यंदा तीं मेंढरें डांबरी सडकेनें परस्पर पुढें गेलीं, आणि शेतासाठीं मीं पोत्यांतलें खत विकत आणलें.