प्रूफ आणि प्रूफलाइक: नाण्याचे रूप की उगम?

प्रूफ ही नाणे पाडण्याची एक पद्धत आहे. नाणे आज किती चांगल्या स्थितीत आहे याच्याशी तिचा संबंध नाही. साचा घासून आरशासारखा करायचा, कोरी चकती खास तयार करायची आणि एरवीपेक्षा जास्त दाबाने, बहुधा एकाहून अधिक वेळा ठोकायची, की प्रूफ नाणे तयार होते. प्रूफलाइक नाणे चलनासाठीच पाडलेले असते. साचा नुकताच घासलेला असेल, तर त्यातून निघालेल्या पहिल्या काही नाण्यांची पार्श्वभूमी आरशासारखी उतरते, इतकेच. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरमध्ये (१८७८ ते १९०४ आणि १९२१) अशी नाणी पुष्कळ सापडतात.

वस्तू काय आहे हे तिच्या रूपावरून ठरते की उगमावरून, हा जुना वाद इथे हातात धरता येतो. न्यायशास्त्राच्या कसोटीवर चकाकी हे प्रूफचे लक्षण टिकत नाही. प्रूफलाइकलाही ते लागू पडते, म्हणून अतिव्याप्ती. लिंकन सेंटची १९०९ ते १९१६ मधली प्रूफ नाणी मॅट, म्हणजे चकाकी नसलेली, होती, त्यांना ते लागू पडत नाही, म्हणून अव्याप्ती. प्रूफ नाणे कोणी बाजारात खर्चले आणि ते झिजले, तरी संग्राहक त्याला प्रूफच म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

मग ओळखायचे कसे? वैयाकरण भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त रत्ने आणि नाणी पारखण्याचेच उदाहरण घेतले आहे. जाणकाराचे हे ज्ञान सरावातून येते, अनुमानातून नव्हे, आणि ते दुसऱ्याला सांगता येत नाही, असे तो म्हणतो. बौद्ध आचार्य बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’तला सराफही नाणे पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातावर तोलून ते कुठे आणि कोणी पाडले ते सांगतो. सरावाबद्दल भर्तृहरीचे म्हणणे पटते. सांगता येत नाही, हे मात्र तितकेसे नाही. भिंगाखाली प्रूफची कड काटकोनात, धारदार उठलेली दिसते, दाते पूर्ण भरलेले असतात, नाण्यावरच्या मुखवट्याच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात. प्रूफलाइकची कड किंचित गोलसर असते, आणि पोत्यात इतर नाण्यांवर आपटल्याच्या खुणा आरशावर उठून दिसतात. ही सगळी कारणे आहेत, आणि शिकवता येतात.

तरी ती अनुमानेच. प्रूफसाठी वापरलेला साचा पुढे चलनी नाण्यांसाठीही वापरला जाई. तेव्हा साच्याची खूण दोन्हींवर सारखीच उमटते. न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ १८७९ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा १२ प्रूफ डॉलर पाडले गेले, असे मानले जाते. त्याच वर्षीचा, त्याच टांकसाळीचा एखादा उत्तम प्रूफलाइक डॉलर शेजारी ठेवला, तर निवाडा ठोक्याच्या जोरावर आणि नाण्याच्या पूर्वेतिहासावर येतो. प्रत्यक्ष आणि अनुमान थकले की शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह साक्ष, लागते.

मुंबईच्या टांकसाळीने ही साक्ष नाण्यावरच कोरली: प्रूफ नाण्यांवर आधी ‘बी’, शहराचे नाव बदलल्यावर ‘एम’, तर तिच्या चलनी नाण्यांवर बहुधा हिऱ्याची खूण. तिथे चकाकीकडे पाहण्याआधी सालाखालची खूण पाहावी.