नव्या चेंडूसमोर

क्रिकेटच्या खेळात सलामीच्या फलंदाजाचे काम कठीण. चेंडू नवा व टणक, गोलंदाज ताजेतवाने, आणि खेळपट्टीचा स्वभाव अजून कोणास ठाऊक नसतो. तरी कोणी तरी पहिल्याने गेलेच पाहिजे.

इंग्लंडचे डेव्हिड शेपर्ड हे असे फलंदाज होते. १९५० साली ते पहिला कसोटी सामना खेळले व १९५५ साली दीक्षा घेऊन ख्रिस्तसेवक झाले. १९६२-६३ च्या मोसमात मेलबर्न येथे ते पहिल्या डावात शून्यावर बाद झाले. दुसऱ्या डावात त्यांनी ११३ धावा केल्या.

परंतु त्यांची थोर खेळी आम्हांस मैदानाबाहेरची वाटते. १९६० साली दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडात आला. त्या देशात कातडीचा रंग पाहून केवळ गोऱ्यांस संघात घेत असत. शेपर्ड ह्यांनी त्या संघाविरुद्ध खेळण्यास उघड नकार दिला. तेव्हा असे बोलणारे थोडेच होते. पुढे विरोध वाढला आणि १९७० चा तसाच दौरा सरकारच्या सांगण्यावरून रद्द झाला.

पाणवठ्यापासून दूर उभे राहण्याचे दुःख आमच्या वाडवडिलांनी भोगले आहे. मग आमच्याच मंडळीच्या पंगतीत कोणाची जात विचारली गेली, तर पहिल्याने कोण उठेल? दुसऱ्याने आधी उठावे म्हणून आपण वाट पाहत बसणार काय? बंधूंनो, शून्याचे भय धरू नका. पुढचा डाव देणारा देव आहे.